मिठावर ठेवलेला हात

माझं अक्षर चांगलं होतं, तिथूनच सगळं बिघडलं. चौसष्ट साली लग्न होऊन मी भाईंदरला आले तेव्हा आमच्या आठ खोल्यांच्या चाळीत मॅट्रिक झालेली बाई मी एकटी. गावाला पत्र धाडायचं असो, रेशनिंगचा अर्ज असो, मनिऑर्डरच्या फॉर्मवरच्या चार ओळी असोत, माणूस माझ्या दारात उभा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? भाकरी चुकली तर सासू बोलायची, भात करपला तर शेजारीणही बोलायची, पण अक्षराला कुणी नाव ठेवत नव्हतं.

चाळ स्टेशनच्या पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. वर कौलं, पुढे पडवी, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे नजर पोचेल तिथपर्यंत मिठागरं. मालक तिथलेच, पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणारे. भाडेकरू बहुतेक आमच्यासारखे रत्नागिरीकडचे, कारखान्यात नाहीतर रेल्वेत लागलेले. खोली सासूच्या नावावर होती. माझा नवरा दहा वर्षांचा असताना सासरे गेले. तेव्हा मालकांनी सहा महिने भाड्याचं नाव काढलं नाही आणि मालकीणकाकी रोज संध्याकाळी भाताचं पातेलं पाठवायची, हे सासू मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायची.

भाडं तीच द्यायची. महिना लागला की नेसूचं बदलून मालकांच्या ओट्यावर जायची, काकीच्या पानाच्या डब्याखाली पैसे सरकवायची, घटकाभर बोलून परत यायची. हातातून हातात पैसे दिले असं कधी झालं नाही, आणि पावती हा शब्द तर त्या ओट्यावर कुणी उच्चारलाच नव्हता. नवी असताना मी एकदा विचारलं, "आई, पावती नको का घ्यायला?" तर म्हणाली, "बापाकडं पावती मागतात काय गो?" मी पुन्हा विचारलं नाही. माझ्या शिक्षणाचा उपयोग करायची ती एक वेळ होती आणि ती मी अशी घालवली.

दर वर्षी मीठ काढून झालं की मालक प्रत्येक खोलीच्या दाराशी एक टोपली जाडं मीठ ठेवायला लावत. वर्षभर मीठ विकत घ्यावं लागत नसे. मालकांच्या घरात मिठाला देवाइतका मान. मिठाला पाय लागला तर काकी नमस्कार करायला लावायची. शपथसुद्धा मिठावरच घ्यायची. पितळी ताटात मिठाची रास, तिच्यावर उजवा हात, आणि मग शब्द. तो शब्द मोडायचा नाही. मोडायचाच झाला तर ज्याने शपथ घातली त्यानेच आपल्या हाताने मीठ पाण्यात सोडायचं, त्या पाण्याने शपथ घेणाऱ्याने हात धुवायचा आणि उरलेलं पाणी खाडीला द्यायचं. तेव्हाच माणूस सुटतो.

एका वर्षी मोठ्या भरतीने आगराचा बांध फुटला. तो बांधायला मालकांनी चाळ गहाण टाकून मुंबईच्या एका पेढीकडून कर्ज काढलं. पुढची दोन वर्षं मीठ धड पिकलं नाही आणि पेढीने ठाण्याच्या कोर्टात दावा लावला. मालक घाबरले. कोर्टाबाहेर अर्ज लिहिणाऱ्या कुणा शहाण्याने त्यांना सांगितलं की चाळीचं भाडं येतंय असं दिसलं तर कोर्ट आपला माणूस नेमेल आणि भाडं परस्पर पेढीकडे जाईल. चाळीत नातलगच फुकट राहतात असं दाखवलं, तर कोर्टाला वसूल करायला काही उरणारच नाही. म्हणजे तोवर चाळ आपल्या हातात राहील आणि तेवढ्या अवधीत एक पीक चांगलं आलं की कर्ज फिटेल.

मालकांनी आम्हाला ओट्यावर बोलावलं. त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. काकीच म्हणाली, "तुमी आमचीच मानसं हाव. एवढा कागूद करून द्या." एकानेही प्रश्न विचारला नाही. माझ्या सासूने तर मलाच पुढे केलं. "आमची सून लिहील. तिचं अक्षर मोत्यासारखं हाय."

आठ कागद मी लिहिले. अर्जवाल्याने दिलेल्या मसुद्यात 'फुकट राहतो' असं होतं. मला ते हलकं वाटलं. मी 'विनामोबदला' केलं. 'आम्ही मालकांचे घरोब्यातील असून खोलीत विनामोबदला राहतो, भाडे देत नाही व पूर्वी कधीही दिलेले नाही.' आठ वेळा तेच, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. मालक कागद हातात घेऊन म्हणाले, छापल्यासारखं आलंय. मी दोन दिवस त्या शब्दावर खूश होते.

मग काकीने ताट आणलं. आठ खोल्यांच्या आठ कर्त्या माणसांनी मिठावर हात ठेवून, हा शब्द मागे घेणार नाही, असं म्हटलं. माझ्या सासूने सगळ्यांच्या आधी ठेवला. माझी बोटं शाईने भरलेली होती आणि खोली माझ्या नावावर नव्हती, त्यामुळे मला कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाण्याला नेलं आणि साहेबासमोर सह्या-अंगठे झाले.

दीड वर्ष ती युक्ती चालली. मग व्हायचं तेच झालं. पीक आलं नाही, कर्ज फिटलं नाही आणि कोर्टाने चाळ लिलावात काढली. लोखंडाचा धंदा करणाऱ्या मुंबईच्या एका शेठने ती घेतली. मालकांनी अंथरूण धरलं ते उठलेच नाहीत. काकी मोरव्याला भावाकडे राहायला गेली. जाताना तिच्या डोक्यावर एक ट्रंक आणि हातात ते पितळी ताट होतं.

आम्हाला वाटलं, मालक बदलला, आपल्याला काय? भाडं इकडे द्यायचं त्याऐवजी तिकडे. शेठ पहिल्यांदा चाळीत आला तेव्हा बायकांनी चहा केला. माझा नवरा महिन्याचं भाडं घेऊन पुढे झाला, तसा शेठ हसला.

"किस बात का भाडा, भाई? तुम लोगों ने तो लिखके दिया है." त्याने पिशवीतून कागदाची नक्कल काढली. फोटो काढून केलेली नक्कल होती ती. माझं अक्षर, माझा 'विनामोबदला'. "आप तो मेहमान हैं. मेहमान कितने दिन रहते हैं? एक महिना, दो महिना?"

माझा नवरा माझ्याकडे बघत नव्हता. मीच त्याच्याकडे बघत होते.

नोटीस आली. भाडेकरू असतो तर कायदा आमच्या बाजूने उभा राहिला असता, मालक कितीही बदलोत. पण आम्ही स्वतःच्या तोंडाने भाडेकरू नाही म्हणून बसलो होतो. कागदात आम्हाला 'बेकायदा कब्जेदार' म्हटलं होतं. वीस वर्षं त्या खोलीत राहिलेल्या, तिथेच नवरा गमावलेल्या, तिथेच मुलगा वाढवलेल्या माझ्या सासूला तो शब्द मीच वाचून दाखवला.

वर्षभरात चार बिऱ्हाडं शेठने हातावर टेकवलेले थोडे पैसे घेऊन निघून गेली. ज्या दिवशी खोली रिकामी होई त्याच दिवशी शेठची माणसं तिची कौलं उतरवत, दार-चौकट काढून नेत. आमच्या दोन्ही बाजूंना उघड्या भिंती राहिल्या. विहिरीत त्यांनी डबर टाकलं, मग मी दोन कळश्या घेऊन रस्त्यापलीकडे पाण्याला जाऊ लागले. तेव्हा मला दुसरं मूल होणार होतं. गावचं घर चुलतदिराच्या ताब्यात होतं, तिथे आम्हाला गणपतीपुरतीच जागा. दुसरी खोली घ्यायची तर आधी पागडी मागत, आणि ती द्यायची ऐपत माझ्या नवऱ्याला सात जन्मांत आली नसती. तो बोलेनासाच झाला. जेवायचा, कामावर जायचा, आल्यावर पडवीत बसून उतरवलेल्या कौलांचा ढीग बघत राहायचा. मला त्याचा राग यायचा, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटायची.

ठाण्याचा एक तरुण वकील आम्हाला भेटला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एकच रस्ता आहे. तो कागद मालकांच्या सांगण्यावरून केलेला, खोटा होता, आणि आम्ही दर महिन्याला भाडं देत होतो, हे कोर्टात सांगायचं. पावती नाही, म्हणजे माणसानेच सांगायला हवं. आणि ज्याने दिलं त्याने."

मी म्हटलं, "मी सांगते. लिहिलं मीच."

"तुम्ही लिहिणाऱ्या. सही तुमची नाही, भाडं तुम्ही दिलेलं नाही. तुमच्या सासूबाईंना आणा."

उरलेल्या तीन खोल्यांची माणसंही तेच म्हणाली. चाळीतली सगळ्यांत जुनी माणूस ती, ती बोलली तर आम्ही बोलू. म्हणजे चार घरांचं छप्पर एका म्हातारीच्या जिभेवर आलं. आणि म्हातारी म्हणाली, "काकीनं मीठ सोडलं तर बोलेन. नायतर माझ्याच्यानं व्हायचं नाय."

मी समजावलं. मी रडले. मग मी ओरडले. म्हटलं, "आई, तो कागद खोटा होता. खोट्याची शपथ कसली पाळता? पोरं रस्त्यावर येतील."

"मालक अडला हुता तेव्हा शब्द दिला. खरा का खोटा ते तेव्हा बघायचं हुतं."

"मग रस्त्यावर राहाल?"

"ऱ्हाईन."

माझ्या हातातला डाव मी भिंतीवर फेकला. त्याने भिंतीत खळगा पडला तो शेवटपर्यंत तसाच राहिला. सासूने डाव उचलला, धुतला आणि जागेवर ठेवला. त्या बाईला मी तेव्हा मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिणार नाही.

सुनावणी चार दिवसांवर आली तेव्हा मी मोरव्याला गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून डब्यात घावणे घेतले. काकी भावाच्या घराच्या मागच्या पडवीत राहत होती. एक गोधडी, एक ट्रंक आणि भिंतीला टेकवलेलं ते ताट. ती वाळली होती. मला बघून तिला खरंच बरं वाटलं. पोटाकडे बघून कितवा महिना विचारलं. मग मी सगळं सांगितलं आणि तिचे पाय धरले. सातव्या महिन्यात वाकणं सोपं नव्हतं.

तिने मला उठवलं. मग म्हणाली, "बाय, तुमी सुटाल. पन तुमी बोललाव की कागूद खोटा, तर तो खोटा ठरला. मेल्या मानसाला मी कोर्टात खोटा करू? त्याच्या मागं त्याचं नावच राह्यलंय. न्हाय जमायचं मना."

मी म्हटलं, "काकी, आम्ही जिवंत आहोत." ती रडायला लागली, पण नाहीच म्हणाली. मी उठले. निघताना तिने माझा डबा मागून घेतला. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही त्या घराची रीत. आत भावजयीकडे काही मागायची तिची सोय नव्हती, ते मला दिसत होतं. तिने ट्रंक उघडली, आतल्या एका पुरचुंडीतून मूठभर जाडं मीठ काढलं आणि डब्यात घातलं. "आपल्या आगराचं हाय," म्हणाली. "शेवटचं."

रस्त्याने मी चालत होते आणि डब्यात मीठ वाजत होतं. मोरव्याच्या वेशीजवळ एक विहीर होती. तिथे पाणी भरणाऱ्या बाईला मी म्हटलं, जरा डब्यात पाणी घाल गं. तिने घातलं. मी झाकण लावलं आणि घरी येईपर्यंत डबा हलवत राहिले.

"काकीनं सोडवलं," मी सासूला म्हटलं. "तिच्या हातचं मीठ आहे." यातलं दुसरं वाक्य खरं होतं आणि ते सांगताना मी तिच्या डोळ्यांत बघू शकले.

सासूने पाण्याची चव घेतली. मग उजवा हात पुढे केला, मी धार धरली. तिने मनगटापर्यंत हात धुतला, दोनदा. "काय म्हनाली गो काकी?"

"म्हणाली, सुखानं राहा." हेही मीच बनवलं. सासूने ते वाक्य स्वतःशी एकदा म्हटलं आणि उरलेलं पाणी घेऊन एकटी खाडीवर गेली.

कोर्टात ती पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा कठड्यावरून तिचं डोकंच तेवढं दिसत होतं. आमच्या वकिलाने विचारलं, तिने सांगितलं. महिना लागला की ओट्यावर जायचे, पानाच्या डब्याखाली पैसे ठेवायचे. मग शेठचा वकील उठला. त्याने माझ्या अक्षरातला कागद वाचून दाखवला. "बाई, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"आता खरं कशावरून?"

"तेव्हा मिठावर हात ठेवला हुता. आता मालकिणीनं मीठ सोडवलंय. आता मला बोलाया मोकळीक हाय."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं आणि म्हणजे काय ते नीट विचारलं. तिने ताट, रास, हात, पाणी, खाडी, सगळं सांगितलं. तिच्या आवाजात कुठेही अडखळणं नव्हतं. मी मागच्या बाकावर बसले होते. पोटातलं मूल लाथा मारत होतं आणि मी देवाला एवढंच म्हणत होते की काकीला बोलावून आणू नकोस. मग उरलेल्या तीन खोल्यांची माणसंही एकेक करून बोलली.

निकाल आमच्या बाजूने लागला. शेठ पुढे वरच्या कोर्टात गेला, तिथेही काही वर्षांनी तोच टिकला. वकिलाने निकालपत्र मला वाचायला दिलं, मराठीत समजावूनही सांगितलं. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की या वृद्ध बाईची साक्ष विश्वासार्ह वाटते, कारण मीठ पाण्यात सोडून शब्द मोकळा केल्याची हकिगत कुणी रचून सांगेल अशी नाही. मी तेवढ्या ओळी दोनदा वाचल्या आणि कागद वकिलाला परत केला.

पहिला निकाल लागला त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. माझा नवरा कित्येक महिन्यांनी हसला. धाकटी तोवर रांगायला लागली होती. आणि सासूने ट्रंकेतून नवं लुगडं काढलं, नारळ घेतला आणि म्हणाली, "काकीची ओटी... न्हाय, आता ओटी कशी भरायची. लुगडं तरी देऊन येते. तिच्यामुळं ऱ्हायलं छप्पर."

मी म्हटलं, ऊन आहे. मी म्हटलं, मी जाते, तुम्ही बसा. मी म्हटलं, रविवारी सगळेच जाऊ. ती ऐकणारी नव्हती. ती मोरव्याच्या रस्त्याला लागली आणि मी दारात उभी राहिले. त्या तीन तासांत मी घरातलं सगळं आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं.

ती परत आली. लुगडं हातात नव्हतं, म्हणजे काकीने ते घेतलं होतं. पाय धुऊन ती आत येऊन बसली. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "पानी कुठलं हुतं गो?"

"विहिरीचं. वेशीवरच्या."

"बरं," म्हणाली. तिने शिव्या घातल्या असत्या, नवऱ्याला सांगितलं असतं, माझ्या माहेरी निरोप धाडला असता, तर मी सगळं ऐकून घेतलं असतं. काकी तिला काय म्हणाली तेही तिने कधी सांगितलं नाही.

जेवायला बसली तेव्हा तिने ताटातली मिठाची चिमूट बोटाने बाहेर सारली. आमटीची वाटीही सारली. "माज्या जेवनात मीठ घालू नको यापुढं," म्हणाली. मला वाटलं, आठ दिवस, फार तर महिना. नवऱ्याने कारण विचारलं तर तिने सांगितलं, डॉक्टर म्हनतो. डॉक्टरकडे ती आयुष्यात गेली नव्हती.

पाच वर्षं ती त्या खोलीत जगली. माझी दोन्ही मुलं तिच्याच मांडीवर वाढली, तिथूनच शाळेत गेली, आणि मला कुणी विचारलं की पश्चात्ताप होतो का, तर मी नाही म्हणेन. पुन्हा तो डबा हातात आला तर मी पुन्हा त्यात पाणी घालीन. पण मला कुणी विचारत नाही, कारण ज्यांना माहीत होतं त्या दोघीही गेल्या.

पाच वर्षं दोन वेळा मी तेच केलं. आमटी उतरवली की आधी तिची वाटी भरून बाजूला ठेवायची. मग उरलेल्यात मीठ घालायचं.